चैत्रातील वसंतोत्सव आणि गावची देशी झाडे: रोपे वाटण्याआधी काय करावे

गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका गावच्या वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी प्रश्न विचारला आहे. संवसारपाडव्यानंतरच्या (गुढीपाडव्यानंतरच्या) शनिवार-रविवारी ते गावात वसंतोत्सव भरवणार आहेत. देशी वनस्पतींचे प्रदर्शन, शाळकरी मुलांसाठी स्पर्धा आणि समारोपाला प्रत्येक घरास दोन रोपे, असा त्यांचा बेत आहे. कोणती झाडे दाखवावीत, कोणती वाटावीत आणि लोकांच्या मनात या झाडांविषयी आस्था कशी निर्माण व्हावी, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

आपल्या बेतातील सर्वांत शेवटची गोष्ट मी सर्वांत आधी घेतो. रोपांचे वाटप चैत्रात करू नये. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये हातात पडलेल्या रोपाला जांभ्या दगडाच्या तापलेल्या जमिनीत, विहिरीचे पाणी खाली गेलेले असताना, पावसापर्यंत दोन-अडीच महिने काढावे लागतात. त्या काळात पिके निघालेली असल्याने गुरे मोकळी सुटलेली असतात, आणि काजूच्या बागांत पालापाचोळा जाळताना लागलेला वणवाही कधी कधी वाड्यापर्यंत येतो. बरीचशी रोपे पिशवीतच वाळून जातात, आणि लोकांच्या मनात ‘देशी झाडे जगत नाहीत’ असा चुकीचा समज मात्र कायमचा राहतो. उत्सवात रोपांऐवजी नावे नोंदवून घ्यावीत. कोणाला कोणते झाड हवे, ते कोठे लावणार, पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार, एवढे वहीत लिहून घ्यावे आणि मृग नक्षत्राचा पाऊस नीट स्थिरावल्यावर रोप घरपोच करावे. वळवाच्या पहिल्या सरीवर विसंबून घाई करू नये.

वसंतात झाडे लावता येत नाहीत, पण त्यांना पाहण्यासाठी आणि ओळखण्यासाठी यासारखा दुसरा ऋतू नाही. फाल्गुन-चैत्रात रानातील अनेक झाडांची पाने गळलेली असतात आणि फुले नजरेत भरतात. त्यातच त्याच सुमारास पुष्कळ झाडांचे बी पक्व होते. म्हणून माझे मत असे आहे की या उत्सवाचा कणा प्रदर्शनाचा मांडव नसावा, गावातून काढलेली पहाटेची फेरी असावी. मांडवात आणलेली फांदी दुपारपर्यंत मान टाकते. उभ्या झाडाखाली ऐकलेली गोष्ट मात्र मुलांच्या लक्षात राहते, कारण पुढच्या वर्षी ते झाड तेथेच असते.

फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू करावी. सावर (गोव्यात सांवर) फुललेली असेल तर पहिला मुक्काम तिच्याखाली ठेवावा. तिच्या मोठ्या, मांसल, लाल फुलांत मध भरपूर असतो. पहाटे त्या फुलांवर मैना, कावळे, कोतवाल, शिंजीर आणि खारी यांची एकच गर्दी उडालेली असते, आणि रात्री वटवाघळेही येऊन गेलेली असतात. मुलांना तेथे अर्धा तास शांत बसवून कोण येते ते लिहायला सांगावे. पळस आणि पांगारा यांची फुलेही लाल-केशरी, जवळजवळ वासाविना आणि मधाने भरलेली असतात, कारण ती प्रामुख्याने पक्ष्यांसाठी असतात. पक्ष्यांना गंधापेक्षा रंग अधिक खुणावतो, आणि पानांचा आडोसा नसल्याने ती फुले दुरूनही दिसतात. याच्या उलट कुंभ्याची मोठी, पिवळसर पांढरी फुले रात्री उमलतात आणि सकाळी त्यांच्या पुंकेसरांचा सडा झाडाखाली पडलेला दिसतो. एकाच वाटेवर ही दोन प्रकारची झाडे भेटली, तर परागीभवनाचा धडा फळ्यावर शिकवण्याची गरज उरत नाही.

फुलांइतकीच पालवीही दाखवावी. कोशिंबाची नवी पालवी या दिवसांत इतकी लालभडक असते की अनोळखी माणूस तिला फुलेच समजतो. कोवळ्या पानांतील ही लाल रंगद्रव्ये पानाला कडक उन्हापासून जपत असावीत, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. अंजनीचे झुडूप तर या दिवसांत निळ्या-जांभळ्या फुलांनी असे मढते की फांदी दिसेनाशी होते. ती फुले थेट जून लाकडावर येतात, हे मुलांना बोट लावून पाहू द्यावे.

माट्टी, म्हणजे मराठी वाचकांचा ऐन, हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे, तरी राज्यवृक्ष दाखवा म्हटले की पुष्कळांचे बोट भलत्याच झाडाकडे जाते. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची साल एकदा हाताने चाचपली की ओळख पक्की होते. पानाच्या मागच्या बाजूस देठाजवळ दोन बारीक ग्रंथी असतात, त्या भिंगातून दाखवाव्यात. शेजारी किंदळ असेल तर दोघांची फळे हातावर ठेवावीत: माट्टीच्या फळाला पाच रुंद पंख असतात, तर किंदळीच्या लहान फळाला एक मोठा आणि दोन छोटे. उन्हाळ्यातील वाऱ्यावर ही फळे भिरभिरत दूर जातात, हे मुलांनी स्वतः उडवून पाहावे.

सुरंगीसाठी मात्र वेगळा वेळ राखून ठेवावा. माझ्या दृष्टीने गोव्याच्या वसंतातील हे सर्वांत मोलाचे झाड आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तिच्या जून फांद्यांवर कळ्यांचे घोस लगडतात, आणि फूल पूर्ण उमलण्याआधी, भल्या सकाळी, त्या कळ्या काढून वळेसर, म्हणजे गजरे, गुंफले जातात. शिगम्यात (शिमग्यात) तुऱ्यांत आणि केसांत माळलेल्या सुरंगाचा वास ज्याने लहानपणी घेतला आहे, त्याला या झाडाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न आहे तो नव्या पिढीचा, जिने वळेसर बाजारात पाहिला आहे पण झाड पाहिलेले नाही. सुरंगीची काही झाडे केवळ नरफुलांची असतात आणि काहींवर फळ धरते. वाढ संथ असल्याने आज लावलेल्या रोपाची फुले बहुधा पुढची पिढी माळते. त्यामुळे विकत घेऊन लावणारे थोडे, आणि घरासाठी जागा करताना तोडणारे अधिक, अशी परिस्थिती आहे. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात सुरंगीवर चढून कळ्या काढणारी आणि वळेसर गुंफणारी जी कुटुंबे असतील, त्यांना उत्सवात व्याख्यात्याचा मान द्यावा. कोणत्या झाडाच्या कळ्यांना वास अधिक, कळी कोणत्या वेळी काढली असता दिवसभर टिकते, मुंग्यांचा त्रास कसा टाळायचा, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे आणि ते इतरत्र लिहिलेले क्वचितच सापडते. त्यांना त्या दिवसाचे मानधन द्यावे, कारण हंगामातील एक सकाळ म्हणजे त्यांची कमाई असते.

आता प्रदर्शनाविषयी. देशी कोणते आणि बाहेरून आलेले कोणते, हा भाग लोकांना चकित करतो, म्हणून तो मांडवाच्या मध्यभागी असावा. मात्र त्यात परक्या झाडांविषयी तिरस्काराचा सूर नसावा. गोव्याच्या पर्यटनाच्या चित्रांत हमखास दिसणारा पांढरा चाफा आणि बोगनवेल अमेरिका खंडांतून आली, गुलमोहर मादागास्करचा आहे, आणि ज्याच्यावाचून गोव्याची कल्पनाच करता येत नाही तो काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात आंबा, फणस, सुपारी यांच्याबरोबर आपली भिरंड (कोकम) आहे, काजूचा मात्र उल्लेख नाही. एवढी एक गोष्ट मोठ्या अक्षरांत फलकावर लिहिली, तरी लोक थांबून वाचतील.

याहून चांगला मार्ग स्वयंपाकघरातून जातो. एका लांब मेजावर गोव्याच्या रोजच्या जेवणातील जिन्नस मांडावेत आणि प्रत्येकाच्या मूळ प्रदेशाची चिठ्ठी उलटी ठेवावी. मिरची, टोमॅटो, बटाटा, अननस, पपई, पेरू ही सारी अमेरिकेची. मिरी, फणस, भिरंडीची (कोकमाची) सोलां आणि बांगड्याच्या हुमणातील, म्हणजे आमटीतील, तिरफळ ही आपल्या पश्चिम घाटाची. तिरफळाच्या काटेरी खोडाचा एक तुकडा शेजारी ठेवावा, कारण वर्षानुवर्षे तिरफळ वापरणाऱ्या पुष्कळ घरांत त्याचे झाड कोणी पाहिलेले नसते. या मेजाजवळ बोलण्यासाठी गावातील वयस्क स्त्रियांना बसवावे. चुन्नां, भेडसां, करवंदे पानांच्या द्रोणात घालून विकायला आणणाऱ्या बायांनाही तेथे जागा द्यावी, म्हणजे रानमेव्याची ओळख चवीनेच होईल.

रानमोडी, घाणेरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. काजू किंवा चाफा रानात शिरून इतरांची जागा बळकावत नाही, असे ढोबळमानाने म्हणता येईल. रानमोडी आणि घाणेरी मोकळी जागा मिळताच दाट माजतात आणि त्यांच्याखाली देशी रोपे उगवत नाहीत. खाणींच्या मातीच्या ढिगांवर आणि उघड्या माळांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीखाली पाने कुजायला वेळ लागतो आणि खालची वाढ विरळ राहते. डिचोली तालुक्यातील लोकांना हे चित्र रोज दिसते, म्हणून तेथे नेऊनच दाखवावे.

फलकांवर सर्वांत वर गावात चालणारे नाव असावे, त्याखाली मराठी नाव आणि त्याखाली देवनागरीत शास्त्रीय नाव: उदाहरणार्थ भिरंड, कोकम, गार्सिनिया इंडिका, ओंवळ, बकुळ, मिमुसॉप्स एलेंगी. औषधी उपयोग लिहिताना संयम ठेवावा. मात्रा, काढे आणि कोणत्या रोगावर काय, असे फलक लावू नयेत. ‘परंपरेने औषधात वापरतात’ एवढे पुरे. काजऱ्याचे नारिंगी फळ मुलांना मोहात पाडते आणि त्याच्या बियांत स्ट्रिकनीन हे प्राणघातक विष असते. कळलावीचा कंदही तितकाच घातक आहे. ही दोन चित्रांतून जरूर दाखवावीत, ओळख पटावी म्हणून, परंतु हाताळायच्या मेजावर ठेवू नयेत.

स्पर्धेविषयी माझे मत ठाम आहे. ‘जास्तीत जास्त वनस्पती आणा’ अशी स्पर्धा कधीही ठेवू नये. तिच्यामुळे एका रविवारी वाड्यामागची राई ओरबाडली जाते. गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे रानातील फळाफुलांनी सजवलेली चौकट, बांधण्याची जी परंपरा आहे, ती देशी वनस्पतींचे ज्ञान पिढ्यानपिढ्या टिकवणारी फार मोठी व्यवस्था आहे. कांगोणी, आटकी, कवंडाळ, माट्टीची फळे कोठे मिळतात हे मुलांना तिच्यामुळेच कळत आले. पण जेथे जेथे संख्येची चढाओढ लागते, तेथे दुर्मीळ वेली मुळासकट उपटल्या जातात, हेही आपण पाहतो. म्हणून गुण ज्ञानाला द्यावेत. मुलाने एक झाड निवडावे, महिनाभर त्याची पालवी, फुले, त्यावर येणारे पक्षी-कीटक यांची नोंद ठेवावी आणि उत्सवात त्या झाडाविषयी पाच मिनिटे बोलावे. प्रदर्शनासाठी खाली पडलेली फुले, फळे, साली आणि छायाचित्रे वापरावीत. अभयारण्याच्या हद्दीतून काहीही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो. झाडावर वाढणारी ऑर्किडे उपटून कुंडीत लावून आणणाऱ्यास प्रवेशद्वारावरच नम्रपणे परत पाठवावे. देवराईत फेरी न्यायची असेल तर आधी गावकऱ्यांची संमती घ्यावी आणि तेथील पाने-काटक्याही न उचलण्याची जुनी शिस्त पाळावी. सत्तरीत नानोडे येथील निरंकाराची राय पाहिली असेल, तर रानजायफळाच्या कुळातील झाडांची दलदलीतून वर आलेली श्वसनमुळे केवळ या शिस्तीमुळे आजवर टिकली, हे आपल्या ध्यानात येईल.

उत्सवात झाडे लावायची नसली तरी हाताला काम हवेच. ते काम बियांचे. बहाव्याच्या झाडावर या दिवसांत नवी फुले आणि गेल्या वर्षीच्या लांब काळ्या शेंगा एकत्र दिसतात. बी कठीण कवचाचे असल्याने तसेच पेरले तर महिनोन्महिने उगवत नाही. पॉलिश कागदावर एका बाजूने घासून रात्रभर पाण्यात भिजत घातले तर लवकर रुजते. माट्टी आणि करंज यांचे बी याच सुमारास मिळते. हे काम मुले आनंदाने करतात आणि प्रत्येकाची पिशवी त्याच्या नावाने वाचनालयामागे सावलीत ठेवता येते. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाशी एकच बी असते आणि ती शेंग पुढे एप्रिल-मेच्या सुमारास तयार होते, सावरीची बोंडे त्याच काळात फुटून कापूस उडतो. ती गोळा करण्याची जबाबदारी त्याच दिवशी कोणावर तरी सोपवून ठेवावी. फणस, भिरंड आणि जांभूळ यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे बी वाळवून ठेवले की मरते, म्हणून फळ खाल्ल्यावर दोन-चार दिवसांत पेरले पाहिजे. जांभळाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात, त्यांतील जोमदार ठेवून बाकीची वेगळी करावीत.

भिरंडीविषयी लोकांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. बियांपासून वाढवलेल्या रोपांतील साधारण निम्मी नर निघतात आणि हे कळायला सहा-सात वर्षे लागतात. परसात फळासाठी एकच झाड लावणाऱ्यास ओळखीच्या मादी झाडाचे कलम द्यावे. डोंगरउतारावर मात्र बियांची रोपेच लावावीत, कारण तेथे विविधता हवी. कलमे मिळवण्यासाठी जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवावी.

कोणते झाड कोणाला द्यावे, हे जागा पाहून ठरते. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) सावलीत, ओलाव्याच्या जागी सुरंगी, नागकेशर, तिरफळ आणि सीता अशोक चांगले होतात. सीता अशोकाची साल औषधासाठी ओरबाडली गेल्याने रानातील त्याची संख्या घटली आहे आणि जागतिक पातळीवर त्याची गणना असुरक्षित प्रजातींत होते. परसदारी त्याला जागा मिळणे म्हणूनच मोलाचे आहे. रस्त्याकडेला बकुळ, ताम्हण, बहावा. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या, बांधाजवळ आणि नदीकाठी उंडी, करंज, भेंड. गावाच्या डोंगरावर माट्टी, किंदळ, जांभा (या नावाचे झाड), कोशिंब. सावर घरालगत किंवा विजेच्या तारांखाली कधीही लावू नये, ती फार मोठी होते आणि वाऱ्यात तिच्या फांद्या मोडतात.

सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट माळावर, झाडे लावू नयेत, ही विनंती मी विशेष आग्रहाने करतो, कारण दरवर्षी कोठे ना कोठे उत्साही मंडळी तेथे खड्डे खणतात. उन्हाळ्यात सडा उजाड वाटतो, पण तो पडीक नसतो. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवे, पानगेंद आणि किती तरी अल्पायुषी वनस्पती फुलतात, आणि त्यांतील काही पश्चिम घाट व कोकणाबाहेर कोठेच आढळत नाहीत. तेथील मातीचा थर बोटभर असतो. खड्डा खणला की ती वस्ती कायमची जाते आणि लावलेले झाडही खडकावर खुरटते.

उत्सवात जमा झालेल्या माहितीची योग्य जागा ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती ही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार या समित्या स्थापन होतात आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही ठेवणे हे त्यांचे काम असते. फेरीत दाखवलेली मोठी झाडे, त्यांची जागा, फुलण्याचा काळ आणि ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे, त्यांच्या संमतीने, नोंदवहीत घालण्यास समितीला सांगावे. उद्या रस्तारुंदीकरणात एखादे सुरंगीचे झाड जाऊ लागले, तर अशी लेखी नोंद गावाच्या हाती असलेली बरी. समितीच्या एका सदस्याला उद्घाटनाला बोलावण्यापेक्षा फेरीला बोलावावे.

तारखेविषयी शेवटची सूचना. पळस आणि सावर यांचा बहर संवसारपाडव्यापर्यंत पुष्कळदा ओसरलेला असतो आणि बहावा एप्रिलमध्ये रंगात येतो. या वर्षी दिवस ठरलेला असल्यास तो बदलू नका, पण आजपासून दर रविवारी दोघांनी फेरीच्या वाटेवरून जाऊन काय फुलले आहे ते टिपत राहावे आणि मुक्काम त्यानुसार ठरवावेत. ज्यांची फुले संपली असतील त्यांच्या शेंगा दाखवता येतील. रोपे पोहोचवल्यानंतर पहिली पाहणी पाऊस संपल्यावर, कार्तिकात करावी. तेव्हाच बुंध्याभोवती सुक्या पानांचे जाड आच्छादन घालून घ्यावे, गुरांसाठी काटेरी कुंपण करावे, आणि जे रोप मेले असेल त्याच्या मालकाचे नाव पुढच्या मृगाच्या यादीत सर्वांत वर लिहावे.